पोळी तुटली आणि चिऊ रुसली

या वेळचं पत्र नाशिकहून आलंय, एका बँकेत नोकरी करणाऱ्या आईचं. रात्री पावणेबाराला टाइप केलेलं, चांगलं लांबलचक, म्हणून थोडक्यात सांगते. लेक सव्वादोन वर्षांची, घरातलं नाव चिऊ. वर्षापूर्वीपर्यंत "कुणीही घ्या, हसायची" असं बाळ, आणि आता पहिला शब्द नाही, दुसरा शब्द नाही, तिसरा "चिऊ कणार" म्हणजे मीच करणार. परवा पोळीचे तुकडे करून ताटलीत दिले तर "जोड, जोड" करत अर्धा तास भोकाड. संक्रांतीनंतर चुलत भावाबरोबर एकत्र बोरन्हाण केलं, तो मस्त हसत बसला आणि हिने अंगावर पहिली मूठ पडताच हलव्याचा मुकुट फेकून जमिनीवर लोळण घेतली, सगळ्या नातेवाइकांसमोर. सासूबाई म्हणतात हट्टी झालीये, तूच लाडावलीस, आणि कोणावर गेलीये देव जाणे, आमच्याकडे असं कुणी नाही. दिवसभर आजीकडे शहाण्यासारखी असते, आई साडेसहाला घरी आली की तमाशा सुरू. शेवटी लिहिलंय, "ताई मी कुठे चुकले? आणि खरं सांगू का, कधीकधी वाटतं ही माझ्या ओळखीचीच नाही, माझं ते बाळ गेलं कुठे." आणि ता.क. - "पोळी परत जोडायचा काही उपाय असेल तर तोही सांगा."

अगं चिऊच्या आई,

तुला तू म्हणते, माझी लेक तुझ्याच वयाची आहे. ता.क. वाचून मी एकटीच हसले, सॉरी, पण त्याचं उत्तर शेवटी देते, खरंच उपाय आहे.

आधी ते "मी कुठे चुकले" बाजूला ठेवू. सव्वादोन वर्षांचं मूल नाही म्हणायला लागलं की घरात पहिला संशय आईवर, हे काही फक्त तुमच्याकडे नाही गं, जगभर हेच. 1956 साली न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर नवराबायकोने एक अभ्यास सुरू केला, शंभराहून जास्त मुलं अगदी तान्ही असल्यापासून मोठी होईपर्यंत बघितली. तेव्हा तिकडेही मूल कसंही वागलं की बोट आईकडेच, आणि ह्या दोघांना ते पटत नव्हतं, कारण एकाच आईची दोन मुलं दोन तऱ्हांची निघतात हे त्यांना रोज दिसत होतं. (आपल्याकडच्या कुठल्याही दोन लेकरांच्या आईला विचारलं असतं तर चहाच्या कपात सांगितलं असतं, पण असो.) त्यांना दिसलं ते असं की मूल स्वभावाचा बराच भाग सोबत घेऊनच येतं. चुळबुळं किती, नव्या गोष्टीला पुढे जातं का मागे सरतं, भूक-झोप वेळेवर लागते का, रडणं-हसणं मोठ्याने का हळू, आवाज-कपडे-चव किती टोचतं, अशा नऊ गोष्टी त्यांनी पकडल्या. त्यावरून साधारण 40 टक्के मुलं सोपी, 10 टक्के अवघड, आणि 15 टक्के अशी की ज्यांना रुळायला वेळ लागतो. उरलेली 35 टक्के कुठल्याच खान्यात नीट बसेनात, आणि मला तर हा आकडा सगळ्यात आवडतो.

तुझं बोरन्हाणाचं वर्णन मी दोनदा वाचलं. तू लिहिलंयस की पाहुणे यायच्या आधी ती हलव्याच्या बाजूबंदाकडे टक लावून बघत होती, बोट लावून चाटूनही झालं होतं, काळा फ्रॉक आवडला होता. म्हणजे तिला बोरन्हाण नको होतं असं नाहीच. मग तिला पाटावर बसवली, समोर पंधरा-वीस चेहरे, त्यातले दहा कधी न बघितलेले, सगळ्यांच्या हातात मोबाइल वर धरलेले, आणि एकदम डोक्यावरून चुरमुरे, बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाचे तुकडे, वर चॉकलेटं, आणि ती वेचायला आजूबाजूची सात-आठ पोरं अंगावर झेपावलेली. अगं मला कुणी न सांगता असं केलं तर मी पण मुकुट फेकेन. तुझा पुतण्या ज्या स्वभावाचा आहे त्याला ह्याच गोष्टीची मजा येते, तो वेगळ्या स्वभावाचा आहे इतकंच. त्याने हसून काही कमावलं नाही आणि चिऊने रडून काही घालवलं नाही.

मी बालवाडी चालवली चोवीस वर्षं, आधी एका हॉलमध्ये मग घराच्या खालच्या मजल्यावर, आणि दर जूनला हे बघायचे. काही मुलं आईचा हात सोडून सरळ घसरगुंडीवर, मागे वळूनही नाही बघायची (आया मात्र दारात डोळे पुसत उभ्या). काही मुलं दाराच्या कडीला धरून उभी. एक मुलगा होता, तो पहिले अकरा दिवस फक्त चपलांच्या रॅकजवळ बसला, सगळ्यांच्या चपला जोडीने लावायचा, कुणाशी एक शब्द नाही. बाराव्या दिवशी आला आणि आम्ही अकरा दिवसांत म्हटलेली सगळी गाणी एका दमात म्हणून दाखवली, हातवाऱ्यांसकट. तेव्हापासून मी कडीला धरणाऱ्या मुलांची काळजी करायचं सोडलं. ती बघत असतात. चिऊसारख्यांना आधी बघायचं असतं.

पण मी स्वतः शहाणी होते का? अजिबात नाही. माझी लेक अशीच, आणि मी काय केलं, तर कुणी आलं आणि ती पदरामागे गेली की मीच हसून म्हणायचे "अहो लाजाळूचं झाड आहे आमची". एकदा, दहादा, हजारदा. ती सहा-सात वर्षांची असताना शेजारच्या काकूंनी नाव विचारलं तर म्हणाली "मी लाजाळू आहे". नाव नाही सांगितलं, हे सांगितलं. मला चटका बसला तो अजून आहे. दोन वर्षांच्या पोराला स्वतःविषयी जे माहीत असतं ते सगळं आपण त्याच्यासमोर, त्याच्या डोक्यावरून एकमेकांना बोललेलं असतं, ते कळत नाही त्यांना असं समजून. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात असं आपण म्हणतो, दिसतात ना, दिसू देत की, पण आपण पाय दिसले की लगेच त्या मापाची चप्पल शिवून मोकळे होतो. तर "हट्टी" हा शब्द निदान तिच्यासमोर बंद, तू आणि तिच्या बाबाने तरी. "तिला आधी बघायचं असतं, येईल थोड्या वेळाने" एवढं म्हणायचं पाहुण्यांना. पप्पी दे, फ्लाइंग किस दे, ते कावळ्याचं गाणं म्हणून दाखव, हे पण जरा कमी करा सगळ्यांनी, ती काय शोकेसमधली बाहुली आहे का.

आता ते "चिऊ कणार".

तुझ्या पत्रात मला सगळ्यात गोड हेच वाटलं आणि तुला सगळ्यात त्रास ह्याचाच होतोय. एक गंमत करून बघ. तीट लावायच्या वेळी काजळाचा ठिपका गालाऐवजी नाकाच्या शेंड्याजवळ लाव, तिला कळू न देता, नाक पुसता पुसता, आणि मग आरशासमोर उभी कर. वर्षाच्या आसपासचं बाळ आरशातल्या बाळाकडे बोट दाखवतं, त्याला हात लावायला जातं, कधी आरशाच्या मागे डोकावतं. पण दीड ते दोनच्या दरम्यान कधीतरी मूल आरशात बघून स्वतःच्या नाकाला हात लावतं. ही काही माझी युक्ती नाही, 1972 मध्ये बेउला ॲम्सटरडॅम नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी लाल ठिपका लावून मुलांवर असंच बघितलं होतं, तीट हे आपलं देशी व्हर्जन. मी माझ्या नातवाला लावली होती, त्याने आरशात बघितलं, नाक चोळलं, बोटाला लागलेलं काळं बघितलं आणि माझ्याकडे इतक्या रागाने बघितलं की काय सांगू. माझ्या नाकाला! न विचारता!

म्हणजे ह्याच काही महिन्यांत त्यांना पहिल्यांदा कळतं की मी म्हणून कुणीतरी आहे, आईपेक्षा वेगळी, माझं नाक वेगळं, माझी वाटी वेगळी. आणि हे पक्कं करून बघायचा एकच स्वस्त मार्ग त्यांच्याकडे असतो, तो म्हणजे नाही म्हणणं. हो म्हटलं तर कळणार कसं की हे माझं मत आहे का आईचं? म्हणून आवडत्या गोष्टीलाही नाही. तू लिहिलंयस ना की आंबा बर्फी देऊ का विचारलं तर नाही म्हणाली आणि हात पुढे केला, बस तेच ते.

भाषेतही बघ कसं उमटतं. ती अजून मी म्हणत नाही, चिऊ म्हणते, आणि पाणी हवं असलं की "तुला पाणी पाहिजे" म्हणते, कारण तू तिला तसंच विचारतेस, "तुला पाणी पाहिजे?" मी-तू हे शब्द बोलणाऱ्यागणिक उलटतात, किती अवघड आहे हे त्या जिवाला. माझ्याकडचे निम्मे मुलगे जूनमध्ये "मी जाते, मी खाते" म्हणत यायचे, घरी आईचंच ऐकलेलं, आणि कुणी हसलं नाही तर दिवाळीपर्यंत आपोआप जातो-खातो व्हायचं. मी-तू पण सुटेल तिचं. तोवर हे सगळं वहीत लिहून ठेव, तारखेसकट. खरंच सांगते. मला वाटायचं ह्या गोष्टी काय विसरायच्या आहेत, आणि आज मला लेकीचे तेव्हाचे तीन शब्द आठवतात फक्त, त्यातल्या एकाबद्दल आमच्यात वाद आहे.

आता रोजचं. एक चूक तू करतेस ती मी पण करायचे, आपण सगळ्याच करतो, कारण ती आपल्या गोड बोलण्यातच आहे. आपण म्हणतो "आंघोळ करायची का?" "आता झोपायचं का?" आणि ती म्हणते नाही, बरोबरच आहे तिचं, तू विचारलंस म्हणून तिने सांगितलं! आंघोळ होणारच असेल तर तो "का" काढून टाक. "आंघोळीची वेळ झाली, मग्गा तू घेतेस का साबण तू घेतेस?" इथे "का" चालेल, कारण इथे तिने काही ठरवलं तरी तुझं बिघडत नाही. हिरवी वाटी का स्टीलची, आधी उजवी चप्पल का डावी, असं दिवसात पाच-सहा वेळा तिला ठरवू दे. तिसरा पर्याय देऊ नकोस, गोंधळतात. आणि चप्पल ती घालणार असेल तर उलटी घातली तरी तशीच जाऊ दे गं खाली, पार्किंगपर्यंत गेल्यावर टोचेल आणि तीच बसेल बदलायला. दहा मिनिटं आधी निघा म्हणजे तुझाही जीव वर यायचा नाही. बागेतून उचलून आणण्याआधी "अजून दोन घसरगुंड्या मग घरी" हे सांगायचं आणि दोनच करायच्या, तीन नाही, आज तीन केल्या की उद्या आकड्याला किंमत राहत नाही.

आणि जेव्हा फुटतंच सगळं, लोळण, थयथयाट, तेव्हा समजावू नकोस. त्या वेळी तिला तुझं वाक्य ऐकूच जात नाही, स्वतःला आवरायचा मेंदूतला भाग अजून कच्चा आहे, तो नीट पिकायला विशी ओलांडावी लागते (आणि काहींचा तेव्हाही पिकत नाही, तुमच्या सोसायटीच्या मीटिंगला जाऊन बघ). जवळ बस, लागेल असं काही आसपास असेल तर सरकव, "राग आलाय चिऊला, पोळी तुटली" एवढंच म्हण आणि गप्प राहा. हो, आणि एकदा घड्याळ लावून बघ. तू अर्धा तास लिहिलंयस, मला वाटतं पाच-सात मिनिटं भरतील, बहुतेक वेळा पाच मिनिटांच्या आतच आटपतं, आपल्याला अर्धा तास वाटतो कारण सासूबाई बघत असतात. बुवा येईल, पोलिस घेऊन जातील, हे मात्र नको, घरात कुणी म्हणत असेल तर तेही थांबवा, ती गप्प होते ती घाबरून, आणि मग रात्री तुम्हीच उठता. मोबाइल हातात दिला तरी गप्प होते, माहितीये मला. आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने, दोन वर्षांच्या आत अजिबात नाही आणि दोन ते पाच जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांनी सोबत बसून, असं सांगितलंय. एखाद दिवशी जास्त झाला तर रडत बसू नकोस, पण थयथयाटावरचं औषध म्हणून देऊ नकोस, कारण मग औषधासाठी थयथयाट होतो.

साडेसहाचं कोडं. दिवसभर आजीकडे शहाणी आणि तू आलीस की सुरू, ह्याचा तू लावलेला अर्थ म्हणजे "माझंच ऐकत नाही, मीच बिघडवलंय". अगं तू बँकेत दिवसभर गिऱ्हाइकांशी हसून बोलतेस आणि घरी येऊन नवऱ्यावर चिडतेस का नाही? मग? तिनेही दिवसभर धरून ठेवलेलं असतं, जिच्यासमोर सोडलं तरी ती कुठे जाणार नाही अशी एकच बाई घरात आहे. घरात शिरल्यावर पर्स टाकून, चेहरा धुवून, आधी पंधरा मिनिटं तिच्याजवळ जमिनीवर बस, कुकर नंतर. मोबाइल पर्समध्येच. काही शिकवायचं नाही, रंग ओळख नाही, ए फॉर ॲपल नाही, ती करेल ते बघायचं. मी हे तुला फार सहज सांगतेय, पंधरा मिनिटं मिळवायला काय करावं लागतं माहितीये मला, कुकर तिच्या बाबाला लावता येतो हे पण एक आहे.

सासूबाईंचं. त्यांच्याशी "आजकाल असं सांगतात, तज्ज्ञ असं म्हणतात" ह्या वाटेने जाऊ नकोस, तिथे कुणीच जिंकत नाही. दिवसभर चिऊला त्या सांभाळतायत, त्यांचे गुडघे दुखत असतील, त्यांचंही ऐकून घ्यायचं. "कोणावर गेलीये" म्हणाल्या की चिडण्याऐवजी विचार, "आई, हे दोन वर्षांचे असताना काय करायचे हो?" आणि चहा ठेव. मी पैजेवर सांगते, काहीतरी निघेल. एकदा विहिणीला मी असंच विचारलं तर कळलं की आमचे जावईबापू, आता एवढे गंभीर, ते तीन वर्षांचे असताना लग्नाच्या पंगतीत टेबलाखाली शिरले आणि मठ्ठ्यापर्यंत बाहेर आले नव्हते. "आमच्याकडे असं कुणी नाही" हे त्या पण म्हणायच्या. आणि आमच्या वेळी असं नव्हतं ह्यात थोडं खरं पण आहे गं, तेव्हा घरात सहा-सात माणसं असायची, एकाजवळ रडलं की दुसऱ्याने उचलायचं, कुणा एकीच्या अंगावर सगळं यायचं नाही. तुझ्याकडे तू आहेस, त्या आहेत आणि चिऊचा बाबा, बस.

डॉक्टरचं थोडक्यात, कारण चिऊला ते लागू नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला असेल. दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, नावाने हाक मारली तर बघत नसेल, हवं ते बोटाने दाखवत नसेल, किंवा आधी येत असलेले शब्द बोलायचं थांबलं असेल, तर "बाबाही उशिरा बोलला होता" म्हणून थांबू नका, आधी कान आणि मग बाकीचं तपासून घ्या. सरकारी अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम तपासायला येते, तिथून जिल्हा पातळीवरच्या केंद्रात पाठवतात, पैसे पडत नाहीत. तुझी लेक "आजी चप्पल नाही घालत बाबाची" असं सांगते, तिची ह्या बाबतीत काळजी नको.

राहिलं ते शेवटचं, माझं ते बाळ गेलं कुठे. ह्याला मी उपाय सांगणार नाही, नाहीये. मलाही झालं होतं असं. लेक अडीचची होती, एका दुपारी मी हाक मारली तर आली नाही, बघितलं तर गॅलरीच्या गजांतून खाली बघत स्वतःशीच काहीतरी बोलत होती, मी मागे उभी राहून ऐकलं, कुणाला तरी रागावत होती, मग समजावत होती, आणि त्यात मी कुठेच नव्हते. पोटात कसंतरी झालं. कुणाला सांगितलं नाही, सांगायचं काय त्यात. मग ती वळली, मला बघितलं, म्हणाली "तू जा". गेले बाई मी आत. तुझं बाळ बोरन्हाणाच्या वेळी जमिनीवर लोळत होतं तेव्हा त्याने मुकुट फेकला पण बाजूबंद नाही फेकले, तूच लिहिलंयस, रडता रडता हात आखडून धरले होते. आवडलेलं तेवढं ठेवलं तिने. मला तरी भेटायला आवडेल बाई ह्या मुलीला.

आणि ते परत करायचं असेल तर पाच वर्षांपर्यंत करतात लोक बोरन्हाण, घाई नाही. त्याआधी कधीतरी घरातल्या घरात बाहुलीचं कर, चुरमुरे चिऊच्या मुठीत दे, तिला टाकू दे दुसऱ्याच्या डोक्यावर. पुढच्या वेळी पाहुणे यायच्या अर्धा तास आधी तिथे पोचा, तुझ्या मांडीवर बसू दे, आधी फक्त तू आणि आजी दोन दाणे टाका. तरी नाही म्हणाली तर दोन दाण्यांचं बोरन्हाण.

आता पोळी. जोडता येत नाही, मी तूप लावून चिकटवून बघितलंय, पकडलं जातं. शेवटच्या गोळ्यातून लिंबाएवढा गोळा काढून ठेवायचा आणि तिच्यापुरती चानकी लाटायची, तिच्या ताटलीत मावेल एवढी. अख्खी द्यायची, तुकडे ती करेल. बहुतेक करणार नाही, मधोमध एक चावा घेऊन भोकातून तुझ्याकडे बघेल, आणि मग ती सोडून तुझ्या ताटातली तोडलेली खाईल.